झिजलेले घड्याळ



वसंत व्याख्यानमालेत बोलायला येणारा माणूस सहसा एखादा भारदस्त विषय घेऊन येतो. संतवाङ्मय, शेतीचे अर्थशास्त्र, चंद्रावर गेलेली याने अशा विषयांच्या पंक्तीत 'झिजलेले घड्याळ' हे शब्द पाहून आपल्यापैकी काहींना पत्रिका छापताना चूक झाली असेच वाटले असेल. चूक झालेली नाही. मी जन्मभर शाळामास्तर होतो. तास संपल्याची घंटा ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने घड्याळावर बोलावे ह्यात नवल ते काय? नवल असेलच तर 'झिजलेले' ह्या विशेषणाचे आहे, आणि मला बोलायचे आहे तेही त्या विशेषणावरच.

माझ्या मनगटावर हे घड्याळ आहे. पुढच्या रांगेतल्या मंडळींना दिसेल. एचएमटीचे 'जनता' नावाचे, रोज चावी द्यावी लागणारे. तबकडी एके काळी पांढरी असावी. आता तिला ताकात हळद पडल्यासारखा रंग आला आहे. काचेवर चरे आहेत. कडेचा मुलामा उडून आतले पितळ दिसते. तीन वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका गल्लीत, एका म्हाताऱ्या घड्याळजींकडून मी हे बाराशे रुपयांना घेतले. घरी आल्यावर माझा भाचा म्हणाला, "मामा, तेवढ्या पैशांत नवंकोरं आलं असतं. आणि वेळ बघायला तर खिशात मोबाईल आहेच की!" त्याचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. म्हणून त्या वेळी मी गप्प बसलो. आज त्याला उत्तर देतो आहे. तो मागे बसलेला मला दिसतोही आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या ह्या मुलखात मनगटी घड्याळ येण्यापूर्वीही लोक वेळ मोजत होतेच. 'घड्याळ' ह्या शब्दातच घटिका आहे. आपल्या गावात ज्यांच्या घरी कानडी बोलतात ते घड्याळाला 'गडियार' म्हणतात. शब्द तोच, उच्चार शेजारच्या अंगणातला. पाण्यावर सोडलेले भोक पाडलेले पात्र भरून बुडाले की एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस, म्हणजे घटका चोवीस मिनिटांची. लग्नघटिका हा शब्द आपण अजून वापरतो, पात्र मात्र बहुतेकांनी पाहिलेलेही नाही.

पुढे रेल्वे आली. अक्कलकोट रोड आणि दुधनी ही आपली जवळची स्टेशने. त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. आपल्या मैंदर्गीच्या डोक्यावर येणारा सूर्य ह्या दोघांनाही जुमानत नव्हता. रेखांशांचा हिशेब केला तर आपली खरी स्थानिक वेळ मद्रासच्या मागे सुमारे सोळा मिनिटे आणि मुंबईच्या पुढे सुमारे चौदा मिनिटे पडते. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरवण्यात आली. मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला. सरकारने आमची एकोणचाळीस मिनिटे पळवली असे त्यांना वाटत होते, आणि तिथल्या काही सार्वजनिक घड्याळांत मुंबईची वेळ पुढे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. त्या प्रमाणवेळेच्या मागे आपल्या गावचा सूर्य किती? सुमारे पंचवीस मिनिटे. म्हणजे साधारण एक घटका! घड्याळात बारा वाजतात आणि आपली सावली पायाशी यायला अजून एक घटका असते. घड्याळ हे माणसांनी आपसांत केलेला एक करार आहे, सूर्याचे प्रतिबिंब नव्हे, एवढे यातून ध्यानात आले तरी पुरे. सोलापूर शहरात तो करार गिरण्यांचे भोंगे बजावून सांगत. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की माणूस धावे. घरात घड्याळ असण्याची गरजच नव्हती. ते भोंगे आता शांत झाले आहेत.

मनगटावर घड्याळ बांधणे ही मुळात बायकांची हौस समजली जाई. पुरुष ते खिशात, साखळीला अडकवून ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला एका हाताने बंदूक सांभाळून दुसऱ्या हाताने खिसा चाचपणे परवडेना, तेव्हा ते मनगटावर आले ते तिथेच राहिले. आपल्या देशात त्या आधीपासून परदेशी घड्याळांचा मोठा व्यापार होता. फाव्र-ल्यूबा ह्या स्विस पेढीने मुंबईत १८६५ साली बस्तान बसवले होते. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे हिंदी पलटणींतल्या शिपायांच्या हातावर होती. घड्याळाचे तोंड आतल्या बाजूला फिरवून काच झाकता येणारे 'रिव्हर्सो' हे प्रसिद्ध स्विस घड्याळ १९३१ साली निघाले, त्याचे मूळही हिंदुस्थानातच. इथे पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, त्यांवर तो तोडगा होता. वापरलेल्या वस्तूला इजा होणारच, हे घड्याळ करणारांना पहिल्यापासून ठाऊक होते.

परंतु सामान्य माणसाच्या हाती घड्याळ आले ते स्वातंत्र्यानंतर. १९६१ साली बंगलोरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते, आणि चोरटा माल घ्यायचा तर खिसा आणि छाती दोन्ही मोठी लागत. अशा वेळी आपल्या देशात झालेले, विश्वासाचे घड्याळ मिळू लागले. आणि त्याचे नाव काय, तर 'जनता'! आज हसू येईल, पण त्या काळी ह्या नावात अभिमान होता. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला घड्याळ, नोकरी लागली की घड्याळ, निवृत्तीच्या समारंभात घड्याळ. आणि हेही सांगितले पाहिजे की जावयाला घड्याळ. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही तीन नावे लग्नाच्या बैठकीत किती वधूपित्यांनी मान खाली घालून ऐकली असतील! जुन्या घड्याळाविषयी मी आज प्रेमाने बोलणार आहे. पण ज्या घड्याळासाठी कुणाची तरी दोन एकर जमीन गहाण पडली, ती घड्याळेही त्यांतच आहेत हे मी विसरलेलो नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझे वडीलही प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९७० च्या सुमारास, पगारातून महिना महिना बाजूला टाकून, त्यांनी एक 'जनता' घेतले. वर्गात शिरले की ते मनगटावरून काढून टेबलावर पालथे ठेवायचे, म्हणजे काच वर न ठेवता खाली, आणि तासाच्या शेवटी उचलून पाहायचे. असे का, हे मी त्यांना एकदा विचारले. म्हणाले, "सारखं दिसत राहिलं तर मुलं त्याच्याकडे बघतात, आणि मी पण." रोज रात्री नऊच्या सुमाराला ते चावी देत. त्या चावीचे दाते त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झाले होते. काच टेबलावर घासून अंधुक झाली होती. पट्ट्याच्या खाचेत खडूची भुकटी कायमची बसली होती. मागच्या झाकणावर त्यांनी कंपासच्या टोकाने आपली आद्याक्षरे कोरली होती. तीही पुसट झाली होती.

ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले. ते बंद पडले होते. मी त्या वेळी नोकरीत स्थिरावलेला, चार पैसे बाळगून असलेला. एका मोठ्या शहरात काही कामाला गेलो असता तिथल्या एका दुकानात मी ते दिले, आणि वर ऐटीने सांगितले, "अगदी नव्यासारखे करून द्या." दुकानदाराने मी सांगितले तेच केले, त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. तबकडी नव्याने रंगवली, काटे बदलले, काच आणि चावी नवी घातली, आणि सगळे अंग घासून लखलखीत करून दिले. घरी आणून मी ते आईच्या हातावर ठेवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. झाकणावरून बोट फिरवले. आद्याक्षरे घासण्यात नाहीशी झाली होती. ती एवढेच म्हणाली, "हे ह्यांचं नव्हे रे." आणि घड्याळ माझ्या हातात परत दिले.

मंडळी, घड्याळ चालत होते, वेळही बरोबर दाखवत होते. पण जे दुरुस्त करायला हवे होते त्याबरोबर, जे जपायला हवे होते तेही मी पैसे देऊन पुसून टाकले होते.

त्या दिवसापासून मी झीज ह्या गोष्टीचा विचार करू लागलो, आणि पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की घड्याळाची झीज दोन प्रकारची असते. एक बाहेरची आणि एक आतली. हा भेद ज्याला कळला त्याला जुने घड्याळ घेता येईल आणि सांभाळताही येईल. तो नीट कळावा म्हणून घड्याळाच्या पोटात जरा डोकावू.

चावी दिली की आतली एक पोलादी पट्टी गुंडाळली जाते. तिला मेनस्प्रिंग म्हणतात. ती सुटू पाहते, आणि तिचा जोर दातेरी चाकांच्या साखळीतून पुढे जातो. तो जोर मोकळा सोडला तर सगळी चावी क्षणात उलगडून जाईल. म्हणून शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. बॅलन्स नावाचे एक चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधारे इकडून तिकडे झुलते, आणि प्रत्येक झोक्याला एकेक दाता सुटू देते. आपण जी टिकटिक ऐकतो ती त्या दाराच्या उघडझापीची. पुष्कळशा जुन्या हातघड्याळांत हे चाक सेकंदाला पाच ठोके देते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पंधरा कोटींच्या वर. आणि ज्या आसाच्या टोकांवर ते झुलते ती टोके केसाएवढी बारीक. ती टोके झिजू नयेत म्हणून ती माणकांच्या भोकांत बसवलेली असतात. 'सतरा ज्वेल' म्हणतात ती हीच. ही माणके कारखान्यात तयार केलेली, पैशाला पासरी. त्यांच्या लोभाने कुणी जुने घड्याळ घेऊ नये. त्यांचा मोठेपणा किमतीत नसून कठीणपणात आहे.

आता ह्या माणकांत जे थेंबभर तेल घातलेले असते, ते चार-पाच वर्षांत वाळते किंवा घट्ट होते. त्यात धूळ मिसळली की ते वंगण न राहता कानशीसारखे काम करू लागते, आणि मग कोटी कोटी ठोक्यांनी आस खाल्ला जातो. ही आतली झीज. ही दिसत नाही, हिला इतिहास नाही, हिच्यात कुणाचा स्पर्श नाही. ही केवळ हयगय आहे. ही थांबवलीच पाहिजे. उलट काचेवरचा चरा, पिवळी पडलेली तबकडी, गुळगुळीत झालेली चावी ही बाहेरची झीज. तिने घड्याळाची चाल बिघडत नाही. ती कुणाच्या तरी हाताने, कुणाच्या तरी कष्टाने झालेली असते. ती पुसली तर पुन्हा लिहिता येत नाही.

सोलापूरच्या त्या घड्याळजींनी हेच मला एका वाक्यात सांगितले. मी हे घड्याळ निवडले तेव्हा त्यांनी विचारले, "मास्तर, तबकडी नवी करून देऊ?" मी घाईघाईने "नको, नको" म्हणालो. त्यांनी डोळ्याचे भिंग काढले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग असं करतो. पोट साफ करून देतो, तोंड तसंच ठेवतो." माझ्या सगळ्या व्याख्यानाचे सार त्यांच्या ह्या बोलण्यात आले आहे.

आता आपल्यापैकी कुणाला जुने घड्याळ घ्यायचे झाले तर ते कसे पाहावे, हे थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, डोळ्यांच्या आधी बोटांनी पाहा. चावी देताना ती सारखी, मऊ फिरली पाहिजे. मध्येच घसरली किंवा करकरली तर जपून. पूर्ण भरली की ती थांबते. तिथे जोर करू नये. दुसरी गोष्ट, कानाने पाहा. घड्याळ कानाशी धरा. ठोके सारख्या अंतराने पडताहेत की लंगडत? मग ते उताणे, पालथे आणि उभे धरून ऐका. एका स्थितीत जोरात आणि दुसऱ्या स्थितीत मेल्यासारखे चालत असेल तर आसाला काही झाले आहे. तिसरी गोष्ट, झाकण उघडून दाखवायला सांगा. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर पूर्वी अडाणी हात लागला आहे. तांबडा गंज असेल तर पाणी शिरले आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला कधी कधी बारीक अक्षरे किंवा आकडे ओरखडलेले सापडतात. ते चरे नव्हेत. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी आपल्यासाठी केलेल्या खुणा आहेत त्या. तशा दोन-तीन खुणा दिसल्या तर आनंद माना; ह्या घड्याळाची कुणीतरी वेळच्या वेळी काळजी घेतली होती.

चौथी गोष्ट, घड्याळ एक दिवस चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चावी पूर्ण दिल्यावर ते दीड दिवसाच्या आसपास चालावे. दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झाले तर तोंड वाकडे करू नका. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत तीस चुकले, म्हणजे दहा हजारांत साडेतीन. पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्याकडून ह्याहून अधिक अपेक्षा आपण कुणाकडून करतो? घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले तर पुष्कळदा ते लोहचुंबकाच्या जवळ गेलेले असते. चुंबकत्व काढून टाकले की ते पुन्हा शहाण्यासारखे चालते. तेवढ्यावरून ते बाद करू नये.

पाचवी गोष्ट तबकडीची, आणि इथे जरा थांबून बोलावे लागेल. जगात जुनी घड्याळे जमवणारे जे लोक आहेत त्यांच्यात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे, आणि तो कौतुकाने वापरला जात नाही. जुन्या घड्याळाची तबकडी भडक रंगात नव्याने रंगवायची, एका घड्याळाचे काटे, दुसऱ्याची चावी, तिसऱ्याचे पोट असे जमवून चौथे उभे करायचे, आणि ते 'अस्सल जुने' म्हणून देशोदेशी पाठवायचे, असा हा धंदा. तो ओळखावा कसा? तिरप्या उजेडात भिंगाने तबकडी पाहा. कारखान्यात छापलेली अक्षरे सारख्या जाडीची आणि रेखीव कडांची असतात. हाताने रंगवलेली जरा थरथरतात, मिनिटांच्या रेघा अंतराला चुकतात, खाली कडेला असायची ती बारीक अक्षरे नाहीशी झालेली असतात. अंग पन्नास वर्षांचे आणि चेहरा काल जन्मलेला असेल, तर मनात शंका येऊ द्या.

परंतु ह्या बाबतीत आपल्या कारागिरांवर एकतर्फी दोष ठेवणे मला बरे वाटत नाही. जिथे सुटे भाग मिळत नव्हते, नवे घड्याळ घेण्याची ऐपत नव्हती, तिथे तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणे ही मोठी विद्या होती. तिने हजारो गरिबांची घड्याळे चालू ठेवली. 'हे मी रंगवले आहे, हे काटे दुसऱ्याचे आहेत' असे सांगून विकले तर त्यात पाप कसले? पाप आहे ते न सांगण्यात. रंगात खोटेपणा नसतो. तो 'अस्सल' ह्या शब्दात असतो. म्हणून घेणाराने सरळ विचारावे आणि विकणाराने सरळ सांगावे. आणि आपणही आपल्या मनाला विचारावे, की आपल्याला जुनेपण हवे आहे की जुन्या नावाची चकाकी? गिऱ्हाईक चकाकी मागते म्हणून रंगवणारा रंगवतो. मीच नाही का मागितली होती?

२००९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहरात महात्मा गांधींच्या काही वस्तूंचा लिलाव झाला. त्यांत त्यांचा चष्मा होता, चपला होत्या, ताटवाटी होती आणि झेनिथ कंपनीचे एक खिशातले घड्याळ होते. त्या सगळ्यांना मिळून अठरा लाख डॉलर आले. विकण्यापूर्वी त्या चपलांना कुणी नवे तळ लावून झिलई दिली असती, तर आपण त्याला काय म्हणालो असतो? महात्म्याच्या चपलेविषयी जे आपल्याला लगेच कळते, ते स्वतःच्या बापाच्या घड्याळाविषयी मला कळले नव्हते. आपल्या घरातल्या माणसांचे कष्ट इतिहासात जमा होत नाहीत असे आपल्याला वाटत असते, म्हणूनच त्यांच्या खुणा आपण इतक्या सहज घासून टाकतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना, ती मात्र गंभीरपणे ऐका. काही जुन्या घड्याळांचे काटे आणि आकडे अंधारात चमकत असत. १९६० पर्यंतच्या पुष्कळशा घड्याळांत ही चमक रेडियमची होती. अमेरिकेतल्या कारखान्यांत ब्रशाचे टोक ओठांनी बारीक करून हे रेडियम रंगवणाऱ्या किती तरी तरुण मुली १९२० च्या दशकात भयंकर आजारांनी मेल्या. आज त्या आकड्यांची चमक विझलेली दिसेल, पण ती विझली आहे ती रंगद्रव्य संपल्यामुळे. रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ घरी उघडू नका, तो रंग खरवडू नका, मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. इथे झीज तशीच ठेवा म्हणणारा मीच सांगतो, की जिथे रंग सुटून पडतो आहे असे घड्याळ घेऊच नका.

आता एक चिंतेची गोष्ट. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झचे हातघड्याळ विक्रीला आणले आणि घड्याळांच्या जगाची उलथापालथ झाली. आजच्या अशा घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. माझे बिचारे पाच ठोके त्याच्यापुढे काय टिकणार? आपल्याकडे १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली, आणि होसूरच्या कारखान्यातून तशी घड्याळे घरोघर गेली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. ह्यात रडण्यासारखे काही नाही. नवी घड्याळे स्वस्त आहेत, अचूक आहेत. गरिबाच्या मुलालाही ती घेता येतात आणि कुणाची जमीन गहाण पडत नाही. प्रगती ती हीच.

पण तिच्याबरोबर एक माणूस नाहीसा होतो आहे. बाजारपेठेत काचेच्या पेटीमागे, दिवसाच्या उजेडाकडे तोंड करून, एका डोळ्यावर भिंग लावून बसलेला घड्याळजी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या हाताखाली शिकायला आता कुणी येत नाही. तो उठला की त्याच्या डब्यांतले सुटे भाग भंगारात जातात. बाहेरची झीज जपणे तुमच्याआमच्या हाती आहे. आतली झीज थांबवणे त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही. म्हणून मी आपल्याला एक मागणे मागतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, फडताळात, ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या घडीत, एखादे बंद पडलेले घड्याळ असेल. ह्या उन्हाळ्यात ते बाहेर काढा. अक्कलकोटला, सोलापूरला, जिथे कुणी जुना घड्याळजी बसत असेल तिथे घेऊन जा. त्याला सांगा: पोट साफ करा, तोंड तसेच ठेवा. तो मागेल ते पैसे घासाघीस न करता द्या. आणि मग ते पुन्हा ट्रंकेत ठेवू नका, मनगटावर बांधा. घड्याळ पडून राहिले तरी तेल वाळतेच. वापरले तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडते.

माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. अरे, वेळ बघायला मोबाईल आहे हे खरे. हे घड्याळ मी वेळ बघायला घेतले नाही. माझ्या वडिलांची झीज मी माझ्या हाताने घालवली. ती मला कोणत्याही बाजारात परत मिळणार नव्हती. म्हणून मी दुसऱ्या कुणाची तरी झीज सांभाळायला घेतली. हे घड्याळ कुणाचे होते मला ठाऊक नाही. गिरणीत जाणाऱ्याचे असेल, एखाद्या कंडक्टरचे असेल, दुधनीला अडतीवर बसणाऱ्याचे असेल. त्याच्याही चावीचे दाते एका बाजूने गुळगुळीत झाले आहेत. रोज रात्री नऊ वाजता मी चावी देतो तेव्हा माझा अंगठा त्याच जागेवर पडतो. पुढे हे तुझ्याकडे येईल. तेव्हा तू फक्त एक कर: ह्याला नवे करू नकोस.

मंडळी, माझ्या घड्याळाप्रमाणे माझी वेळ संपली आहे. अध्यक्षमहाराजांच्या घड्याळाप्रमाणे ती कदाचित अर्ध्या मिनिटापूर्वीच संपली असेल. तेवढा उशीर आपण पोटात घालाल अशी आशा आहे.